डोंगरांमधल्या कोरड्या खोऱ्यातली दगडगोट्यांची, चुनखडीची माती : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चारी बाजूंनी डोंगर, पाऊस कमी, पाण्याला बाहेर जायला वाट नाही किंवा असली तरी नावापुरती, अशा खोऱ्यातल्या मातीबद्दल हे प्रश्न सारखे येतात. अमेरिकेतलं ग्रेट बेसिन (मुख्यतः नेवाडा आणि पश्चिम युटाचा कोरडा भाग) हे याचं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण, त्यामुळे दाखले बरेचसे तिथले आहेत, पण मातीचं वागणं अशा कुठल्याही खोऱ्यात साधारण असंच असतं.

ही माती ओळखायची कशी?

दोन गोष्टी बघा. एक, हातात घेतली की बोटांना खडे लागतात, नुसती वाळू नाही. दोन, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला की फसफसते. ॲसिड साधारण १० टक्क्यांचं पुरतं, डोळ्याला चष्मा आणि हाताला ग्लोव्ह्ज घालूनच वापरा. घरचं व्हिनेगर पण चालतं पण फेस कमी येतो आणि कान जवळ नेला तरच चुरचुर ऐकू येते, त्यामुळे चुना (इथं चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट) थोडाच असेल तर फसायला होतं. एक लक्षात ठेवा, डोंगर डोलोमाइटचा (चुनखडीसारखाच, पण मॅग्नेशियम असलेला खडक) असेल तर दगडावर थेंब टाकून लगेच काही होत नाही, दगड खरवडून पावडर करा आणि मग टाका, हळूहळू बुडबुडे येतात. आणि चाचणी करताना थेंब मातीवर टाका, दगडावर नको, नाहीतर चुनखडीच्या एका खड्यामुळे अख्खी माती चुनखडीची वाटते.

दगड किती असले की माती "गोट्यांची" म्हणायची?

२ मिलिमीटरपेक्षा मोठं ते सगळं दगडात धरतात. २ ते ७५ मिलिमीटर म्हणजे खडी, ७५ ते २५० म्हणजे गोटे, त्यावर धोंडे. अमेरिकन पद्धतीत आकारमानाने १५ ते ३५ टक्के खडी असली की खडीयुक्त, ३५ ते ६० म्हणजे जास्त खडीची, ६० च्या वर म्हणजे अति खडीची.

यात बऱ्याच जणांची एक गफलत होते, ती म्हणजे वजन आणि आकारमान एकच समजणं. दगड जड असतो. चाळून वजन केलं आणि अर्धे दगड निघाले तर जागा त्यांनी अर्धी व्यापलेली नसते, साधारण एक तृतीयांशच व्यापलेली असते. पाण्याचा आणि मुळांचा हिशोब जागेवर चालतो, वजनावर नाही.

दगड उलटा केला तर खालून पांढरा, वरून स्वच्छ. हे काय आहे?

या मातीतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच. खड्डा खणताना कुठलाही मूठभर आकाराचा गोटा काढा, पण काढण्याआधी वरच्या बाजूला मार्करने खूण करा. मग उलटा करून बघा. वरची बाजू दगडाच्या मूळ रंगाची आणि खालच्या बाजूला पांढरा पापुद्रा, कधी नखाने निघेल असा पातळ, कधी मेणबत्तीचं मेण ओघळून थिजल्यासारखे छोटे छोटे लोंबते थेंब. बोट फिरवलं की खरखरीत लागतं.

होतं असं की पावसाचं किंवा वितळलेल्या बर्फाचं पाणी मातीतून खाली जाताना मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होतं आणि चुना विरघळवून सोबत नेतं. दगडाला वळसा घालून ते पाणी खालच्या बाजूला लोंबकळत राहतं. मग माती सुकते, गॅस निघून जातो, पाणी मुळं पितात, आणि विरघळलेला चुना तिथंच बसतो. पुढच्या मोसमात परत एक थर. सगळ्यात जुना थर दगडाला चिकटलेला आणि सगळ्यात नवा बाहेरच्या बाजूला, म्हणून या थरांचं युरेनियम-थोरियम पद्धतीने वय काढता येतं आणि त्यावरून तो गाळ निदान किती काळापासून तिथं निवांत पडलाय ते कळतं.

आणि पांढरी बाजू वर दिसली तर? तर तो दगड कोणीतरी उपसलाय. पुरानं, बिळं करणाऱ्या प्राण्यानं, नांगरानं किंवा माणसानं. जमीन कुठं हलली आणि कुठं नाही हे समजायला यापेक्षा सोपी खूण मला माहीत नाही.

एवढा चुना येतो कुठून? डोंगर चुनखडीचा नसला तरी कसा काय?

डोंगर चुनखडीचा किंवा डोलोमाइटचा असेल तर अर्धा प्रश्न सुटला, नेवाडाचा पूर्व भाग आणि युटाचा पश्चिम भाग यातल्या कितीतरी रांगा तशाच आहेत. पण न्यू मेक्सिकोत लास क्रुसेसजवळ १९५७ ते १९७२ या काळात जे मोठं मृदा संशोधन झालं, डेझर्ट प्रोजेक्ट म्हणतात त्याला, तिथं ऱ्हायोलाइटसारख्या चुना कमी असलेल्या खडकाच्या गाळातसुद्धा जाड पांढरे थर सापडले. त्या खडकातून तेवढा चुना येणं शक्यच नव्हतं. तो आला हवेतून, धुळीतून आणि पावसात विरघळलेल्या कॅल्शियममधून, हजारो वर्षं चिमूट चिमूट. सुकलेल्या तळ्यांच्या तळावरून वारा जी बारीक धूळ उचलतो ती डोंगराच्या पायथ्याशी बसते, त्यातही चुना असतो. पाऊस इतका कमी की तो पार खाली धुऊन जात नाही, अर्ध्या वाटेत अडकतो, म्हणून साठतो.

दोन-तीन फुटांवर सिमेंटसारखा थर लागला, पहार पण जात नाही. खडक लागला का?

बहुतेक वेळा खडक नाही, तो चुन्याने घट्ट झालेला मातीचाच थर असतो, कॅलिची किंवा कॅल्क्रीट म्हणतात. १९६६ मध्ये गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन या तिघांनी हा चुना कसा वाढत जातो त्याच्या चार पायऱ्या मांडल्या आणि अजूनही फील्डमध्ये त्याच वापरतात. गोट्यांच्या मातीत पहिली पायरी म्हणजे दगडांच्या खाली पातळ, तुटक थर. दुसरी, दगडाला चारी बाजूंनी आवरण, मधेमधे पोकळ्या भरायला लागलेल्या. तिसरी, दगडांमधली जवळपास सगळी जागा चुन्याने बुजलेली. चौथीत तर पाणी खाली जाऊच शकत नाही, मग ते वरच तुंबतं आणि त्या बुजलेल्या थराच्या डोक्यावर पापड्यांसारखे एकावर एक गुळगुळीत पातळ थर चढतात. त्यापुढच्या दोन पायऱ्या मॅशेट यांनी १९८५ मध्ये जोडल्या, फार जुन्या जमिनींसाठी.

गोट्यांच्या मातीत हे सगळं लवकर होतं, कारण साधं आहे, दगडांनी जागा आधीच व्यापलेली, भरायला पोकळी कमी उरते. म्हणजे शेजारी शेजारी एकाच वयाच्या दोन जमिनी असतील, एक गोट्यांची आणि एक बारीक मातीची, तर गोट्यांची जास्त म्हातारी दिसेल. नुसत्या कडकपणावरून वय ठरवू नका.

खडक आहे की कॅलिची ते बघायला तुकडा फोडा. आत वेगवेगळ्या रंगांचे गोल-चपटे खडे पांढऱ्या गिलाव्यात बसवल्यासारखे दिसले आणि गिलावा ॲसिडने जोरात फसफसला तर कॅलिची. मुळं बघा, ती या थरावर येऊन आडवी पसरलेली असतात, चटईसारखी, आणि जिथं भेग मिळेल तिथून खाली उतरलेली असतात. हा थर अगदीच मेलेला मात्र नाही, त्याच्या बारीक छिद्रांत पाणी धरून राहतं आणि काही वाळवंटी झुडपं ते ओढून घेतात, न्यू मेक्सिकोतल्याच जॉर्नाडा भागात याची मोजमापं झालेली आहेत.

डोंगरापासून खोऱ्याच्या मध्यापर्यंत माती एकसारखीच असते का?

अजिबात नाही. डोंगराच्या घळीतून पाणी बाहेर पडलं की वेग मरतो आणि ते ओझं तिथंच टाकतं, मोठे धोंडे तोंडाशी, खडी त्याच्या पुढं, वाळू, मग गाळ, आणि अगदी मध्यावर चिकणमाती आणि क्षारांचं सपाट मैदान. वरून बघितलं तर पंख्यासारखा आकार, म्हणून जलोढ पंखा. शेजारशेजारच्या घळींचे पंखे एकमेकांत मिसळले की डोंगराच्या पायथ्याशी सलग उतरता पट्टा होतो आणि गोट्यांची चुनखडी माती प्रामुख्याने या पट्ट्यात मिळते.

पण पंखा एकाच वेळी तयार होत नाही. ओहोळ एके काळी उजवीकडून वाहत होता, मग डावीकडे वळला, मग खोल कापत गेला आणि जुना भाग वर उंच राहिला. त्यामुळे चालत शंभर पावलं गेलात तरी कालच्या पुराची कच्ची खडी, काही हजार वर्षांची माती आणि एक लाखाहून जुनी कॅलिचीवाली माती असं सगळं भेटू शकतं. नकाशावर एकच रंग असला तरी.

शिवाय जुन्या तळ्यांचे किनारे. हिमयुगात पश्चिम युटात बॉनव्हिल नावाचं प्रचंड तळं होतं, ग्रेट सॉल्ट लेक हा त्याचा उरलेला तुकडा. त्याच्या लाटांनी डोंगरांच्या अंगावर पायऱ्यांसारखे किनारे कोरलेत, गिल्बर्ट यांनी १८९० मध्ये त्यावर तपशीलवार लिहिलंय. त्या किनाऱ्यांवरची खडी लाटांनी घासून गोल झालेली आणि आकाराने एकसारखी असते, पंख्यावरची मात्र लहानमोठी, कोनांची आणि सगळी मिसळलेली. मूठभर खडी हातात घेतली तरी फरक जाणवतो.

वर नुसती दगडांची फरशी आहे, माती सगळी वाऱ्यानं उडून गेली का?

आधी असंच समजत होते. पण मोजावी वाळवंटातल्या ज्वालामुखी प्रवाहांवर काम झाल्यावर चित्र बदललं. दगड वर तसेच राहतात, वाऱ्याने आलेली धूळ त्यांच्या फटींतून खाली जाते आणि दगडांची फरशी हळूहळू वर उचलली जाते. म्हणून फरशी उचकटली तर खाली काही सेंटिमीटर एकही खडा नसलेली फिकट मऊ माती मिळते, आणि ढेकूळ मोडलं तर आत ब्रेडच्या स्लाइससारखी छिद्रं. ही छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात, हवा अडकून झालेले बुडबुडे असतात, त्यामुळे पाणी आत पटकन जात नाही, वाहून जातं. गाडी या फरशीवर एकदा गेली तरी चाकोऱ्या कित्येक दशकं दिसत राहतात आणि खालची माती वाऱ्याला मोकळी होते. कृपा करून रस्ता सोडून गाडी घालू नका.

एवढे दगड, म्हणजे पाणी टिकतच नसणार ना?

अर्धं बरोबर आहे. दगड पाणी धरत नाही (सच्छिद्र चुनखडीचे खडे थोडं धरतात, पण थोडंच). पोयट्याची माती मीटरभर खोलीत झाडाला मिळेल असं साधारण १५० मिलिमीटर पाणी धरते, त्यात निम्मी जागा दगडांनी घेतली तर राहिलं ७५.

आता उरलेलं अर्धं बघा. समजा २० मिलिमीटर पाऊस पडला. बिनदगडाच्या पोयट्यात तो साधारण १३ सेंटिमीटर खोल जाऊन थांबेल. निम्मे दगड असलेल्या मातीत तोच पाऊस २६-२७ सेंटिमीटर जाईल, कारण वाटेत त्याला धरणारी माती निम्मीच आहे. आणि कोरड्या हवेत बाष्पीभवनाने जातं ते मुख्यतः वरच्या दहा-पंधरा सेंटिमीटरमधलं. म्हणजे पहिल्या जमिनीत पाऊस जवळजवळ सगळाच उन्हाच्या तावडीत राहिला आणि दुसऱ्यात बराचसा सुटून खाली गेला. वर दगडांचा थर असेल तर तो आच्छादनासारखं काम करतो, ते वेगळंच. इम्मानुएल नॉय-मीर या इस्रायली शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हीच गोष्ट मांडली, की ओल्या प्रदेशात जाड कणांची माती कोरडी समजतात पण वाळवंटात तीच झाडांना जास्त पाणी देते.

यात अट एकच, वरचा तो छिद्रांचा सीलबंद थर नसावा आणि पाणी आत जायला वेळ मिळावा. थंड खोऱ्यांमध्ये हिवाळ्यातलं बर्फ वसंतात हळूहळू वितळतं तेव्हा नेमका तो वेळ मिळतो.

मग दगड वेचून काढू की नको?

अवजारं मोडतील असे मोठे काढा. खडी राहू द्या. वेचून वेचून वरची खडी गेली की उघडी बारीक माती पावसाच्या थेंबांनी लिंपल्यासारखी होते, पपडी धरते आणि वारा लागला की उडते. शिवाय खालून नवे दगड येतच राहतात, थंडीत माती गोठते-वितळते तेव्हा दगड वर सरकतात.

सामू (पीएच) ८.२ आलाय. गंधक टाकून खाली आणू का?

मोठ्या जमिनीत नको, आणि का नको ते आकड्यांत सांगतो कारण यात लोकांचे पैसे खरंच वाया जातात. एक हेक्टर, १५ सेंटिमीटर खोल, माती साधारण २००० टन. निम्मी जागा दगडांची म्हणून बारीक माती धरा १००० टन. त्यात २० टक्के चुना म्हणजे २०० टन. १०० भाग चुना संपवायला ३२ भाग गंधक लागतं. म्हणजे ६४ टन गंधक एका हेक्टरला, आणि दगडांमधला चुना यात धरलेलाच नाही. तोवर सामू फारसा हलणार नाही, चुना त्याला धरून ठेवतो.

७.५ ते ८.४ हा चुनखडी मातीचा नेहमीचा सामू आहे, तो आजार नाही. ८.५ च्या वर गेला तर मात्र सोडियमची शंका घ्या, तो प्रश्नच वेगळा आणि त्याचा उपायही वेगळा. कुंडी किंवा छोटा वाफा असेल तर गंधकाचा थोडा प्रयोग करायला हरकत नाही.

नवीन पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. मातीत लोह नाही का?

लोह भरपूर असतं, पण या सामूला ते विरघळत नाही. याला केवडा पडणं म्हणतो आपण. जास्त पाणी दिलं तर अजून वाढतो, कारण ओल्या मातीत मुळांचा कार्बन डायऑक्साइड अडकतो, बायकार्बोनेट वाढतं आणि झाडाला लोह घेणं अजून जड जातं. म्हणून आधी पाणी कमी करून बघा, वाफसा येऊ द्या, मग औषधाचं बघू. चिलेट (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं खत) घेतलंच तर ईडीडीएचए प्रकारचं घ्या, ईडीटीएवालं या सामूला मातीत टिकत नाही. साधं फेरस सल्फेट मातीत टाकलं की थोड्याच दिवसांत निकामी होतं.

जस्त आणि मँगनीजची पण हीच कथा. स्फुरद (फॉस्फरस) चुन्याशी बांधला जातो म्हणून तो पसरून टाकण्यापेक्षा मुळांजवळ पट्टीत द्या. युरिया वर फेकून ठेवू नका, अमोनिया होऊन हवेत जातो, मातीत गाडा किंवा लगेच पाणी द्या.

इथं एक बारकावा सांगायचा राहतो. त्रास देतो तो बारीक, पिठासारखा चुना. चुनखडीचा मोठा खडा जागेवर पडून असतो, त्याचा पृष्ठभाग कमी, तो फार काही करत नाही. त्यामुळे दोन जमिनींत एकूण चुना सारखा असला तरी एकीत केवडा पडतो आणि दुसरीत पडत नाही. लॅबमध्ये सक्रिय चुना मोजून मिळत असेल तर जरूर मोजून घ्या.

माती परीक्षणाचा रिपोर्ट छान आलाय, तरी झाडं वाढत नाहीत. असं का?

कारण लॅब पहिल्यांदा माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळते आणि दगड फेकून देते. रिपोर्ट फक्त बारीक मातीचा असतो. दगड ५० टक्के जागा व्यापत असतील तर हेक्टरी अन्नद्रव्य आणि पाणी, दोन्ही निम्मं धरा. आणि स्फुरदासाठी ओल्सन पद्धत वापरली का ते विचारा. ती १९५४ पासून चुनखडी मातीसाठीच वापरात आहे. ब्रे पद्धतीतलं आम्ल चुनाच खाऊन टाकतो आणि स्फुरद उगाच कमी दिसतं.

पांढरं दिसतंय म्हणजे सगळा चुनाच ना?

नाही. ॲसिडने फसफसला तर चुना. नाही फसफसला, खडे साखरेसारखे चमकतात आणि नखाने ओरखडा उठतो, तर जिप्सम. पाण्यात सहज विरघळतं, माती सुकल्यावर वर फुलून येतं, ते मिठासारखे क्षार. साधारण विरघळण्याच्या क्रमाने हे बसतात, चुना सगळ्यात आधी आणि वर, जिप्सम त्याच्या खाली, क्षार अजून खाली किंवा खोऱ्याच्या मध्यावर. जिप्सम असेल तर बांधकामाआधी नक्की सांगा, तो काँक्रीट खातो आणि पाणी लागलं की विरघळून जमीन बसते.

अशा मातीत आपसूक काय उगवतं?

ग्रेट बेसिनमध्ये उथळ, गोट्यांच्या चुनखडी मातीवर काळा सेजब्रश (एक वाळवंटी झुडूप), खोल मातीवर मोठा सेजब्रश, कोरड्या खालच्या उतारांवर शॅडस्केल आणि विंटरफॅट, वरच्या उतारांवर जुनिपर आणि पिन्यॉन पाइन. झुडूप बदललं की खाली माती बदलली असणार, ही खूण बहुतेक वेळा खरी ठरते.

आणि कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समधले ब्रिसलकोन पाइन बघा, ४,८०० वर्षांहून जुनी झाडं, आणि ती शोधायची कुठं तर पांढऱ्या डोलोमाइटच्या भुकेल्या दगडी जमिनीवर. शेजारच्या वालुकाश्मावर सेजब्रश माजतो, डोलोमाइटवर तो कमी पडतो आणि पाइनला जागा मिळते. पांढरी जमीन ऊन परतवते म्हणून थोडी थंड आणि ओली पण राहते.

नवीन जागा बघायला गेलो तर पहिल्यांदा काय करू?

एकच खड्डा नको, उताराच्या दिशेने निदान तीन घ्या, वर, मध्ये, खाली. प्रत्येकात मीटरभर किंवा कडक थर लागेपर्यंत. भिंतीवर दर दहा सेंटिमीटरला ॲसिडचा थेंब टाका आणि फेस कुठं सुरू होतो, कुठं सगळ्यात जोरात येतो ते लिहा. ती खोली म्हणजे नेहमीचा पाऊस जिथवर पोचतो तिथली खूण, पाऊस जितका कमी तितकी ती वर. मुळं कुठं थांबतात ते बघा. दोन्हींची खोली जुळली तर पाणी थोडं थोडं आणि वारंवार द्यावं लागणार हे समजा. शेवटी प्रत्येक खड्ड्यातून एक गोटा, वरच्या बाजूला खूण करून, पिशवीत घालून घरी आणा आणि उजेडात शेजारी शेजारी ठेवून खालचा पांढरा थर बघा.